मालगाडीच्या शेवटच्या डब्यांतील उतारू

मालगाडी निघून गेली कीं सर्वांत शेवटीं गार्डाचा डबा आणि त्याच्या ओट्यावर निशाण घेऊन उभा असलेला गार्ड, हें दृश्य आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या परिचयाचें आहे. अमेरिकेंत या डब्याचें नांव कॅबूस. जहाजावरील स्वयंपाकघराच्या जुन्या डच नांवावरून हा शब्द आला असें मानतात, आणि तें डब्याला शोभणारेंहि आहे. कारण लोखंडी शेगडी, निजावयाच्या फळ्या, कंदील आणि कंडक्टरचें मेज असा सारा संसारच त्यांत मांडलेला असे. हा कंडक्टर म्हणजे तिकिटें फाडणारा नव्हे. मालगाडीचा तो प्रमुख अधिकारी.

पुष्कळशा कॅबूसच्या छपरावर खिडक्यांची एक लहानशी माडी असे. १८६३ सालीं शिकागो व नॉर्थ वेस्टर्न रेल्वेच्या एका कंडक्टरनें छपराला पडलेल्या भोंकांतून डोकें बाहेर काढून आपली गाडी न्याहाळली व त्यावरून ही माडी निघाली, अशी कथा सांगतात. कथा खरी असो वा नसो, माडीचें काम मात्र खरें होतें. चाकांचे आंस तेलांत भिजविलेल्या बोळ्यांवर फिरत. तेल आटलें कीं आंस तापे, धूर निघे, आणि वेळींच लक्ष न गेल्यास आंस तुटून सारी गाडी रुळांवरून उतरे. तो धूर पाहण्यासाठीं माडींत डोळ्यांत तेल घालून बसावें लागे. गाडी वाटेंत थांबली, कीं एका माणसानें लाल निशाण अथवा कंदील घेऊन मागें दूरवर चालत जावयाचें, म्हणजे पाठीमागून येणारी गाडी येऊन आदळूं नये; मग रात्र असो वा बर्फ पडत असो.

त्याहून कठीण काम छपरावरचें. हवेचे ब्रेक येण्यापूर्वीं एंजिनाची शिटी ऐकून माणसांनीं धावत्या गाडीच्या टपांवरून जाऊन एकेका डब्याचें ब्रेकचाक हातानें आंवळावयाचें. या कामांत आणि डबे जोडण्यांत इतके हात व इतके जीव गेले, कीं अखेर १८९३ सालीं अमेरिकन कायदेमंडळाला हवेचे ब्रेक व आपोआप जुळणारे सांधे सक्तीचे करावे लागले. तरी कॅबूसमधील भय संपलें नाहीं. दोन डब्यांच्या सांध्यांत थोडी ढिलाई असतेच. शंभर डब्यांची ढिलाई एकत्र झाली म्हणजे एंजिनाचा एक हिसका शेपटापाशीं पोंचेपर्यंत भयंकर होई, आणि शेगडीशीं उभा असलेला माणूस भिंतीवर फेकला जाई.

असल्या डब्यांतून उतारू प्रवास करीत, हें ऐकून नवल वाटेल. परंतु तो प्रकार हौशी सहलींच्या फार पूर्वींचा आहे. पश्चिमेकडील गुरें शिकागोच्या बाजाराला निघालीं, कीं त्यांचे राखणदारहि बरोबर निघत, आणि त्यांची जागा कॅबूसमध्यें असे. १८७३ च्या कायद्यानें गुरांना २८ तासांहून अधिक काळ डब्यांत कोंडून ठेवण्यास बंदी होती. वाटेंत उतरवून चारापाणी करावें लागे. गुरांच्या विश्रांतीची अशी चिंता वाहणाऱ्या कायद्यांत राखणदाराच्या झोंपेचा उल्लेख नव्हता! कांहीं कंपन्यांनीं या लोकांसाठीं अधिक लांबीचे व अधिक फळ्यांचे कॅबूस बांधले. ज्या शाखांवर उतारूंची वेगळी गाडी परवडत नसे, तेथें गांवकरी व फिरते विक्रेतेहि याच डब्यांत बसत.

१९८२ सालीं रेल्वे कंपन्या व कामगारसंघ यांच्यांत तडजोड झाली आणि कॅबूसचे दिवस भरले. गाडीच्या शेपटाला टांगलेली एक पेटी ब्रेकनळींतील हवेचा दाब मोजून बिनतारी संदेशानें एंजिनांत कळवूं लागली. तापलेला आंस हुडकणारीं यंत्रें रुळांच्या कडेला अगोदरच बसलीं होतीं. डबे भंगारांत गेले आणि मागल्या माणसांच्या नोकऱ्याहि त्यांच्याबरोबर गेल्या. कांहीं डबे मात्र वांचले. पेनसिल्व्हेनियांत स्ट्रासबर्गजवळ तर १९७० सालींच जुन्या कॅबूसांचें एक उतारूगृह उघडलें होतें. पण तेथले डबे एका जागीं उभे.

ते पुन्हां चालते केले जुन्या आगगाड्या जतन करणाऱ्या मंडळांनीं. इलिनॉय रेल्वे म्युझियम १९६४ सालीं युनियन या गांवीं आलें. तेथें नुसत्या कॅबूसांची गाडी जोडून लोकांना फिरविण्याचा प्रघात पडला. वेस्ट व्हर्जिनियांत डर्बिनच्या छोट्या वाफेच्या गाडीनें आणखी एक सोय काढली: उतारूंसह कॅबूस ग्रीनब्रायर नदीच्या कांठीं सोडून द्यावयाचा आणि दुसऱ्या दिवशीं परत आणावयाचा. माडींत बसणारे दोघे-चौघेच, त्यामुळें त्या जागेसाठीं चढाओढ असते. एरवीं डबा गैरसोयीचाच. शिडी उभी, बांकें अरुंद. गाडी आंखूड, चाल मंद आणि ब्रेकनळी सलग, म्हणून तो जुना हिसका आतां लागत नाहीं.

अशा कित्येक डब्यांच्या छताखालीं या टोंकापासून त्या टोंकापर्यंत एक लोखंडी दांडा बसविलेला आढळतो. मुलें त्याला लोंबकळून झोके घेतात. हिसका बसतांच पकडावयास कांहीं तरी हाताशीं असावें, म्हणून तो तेथें लावलेला आहे.