अंगणातला माहुली

सहामाही परीक्षेचा शेवटचा पेपर संपला की आमच्या शहापुरात पहिला प्रश्न मातीचा असे. रस्त्याकडेचा मुरूम चालत नसे, तो पाणी धरत नाही. शेताच्या बांधावरची चिकण माती हवी. दगड आणि विटांचे तुकडे रचायचे, त्यावर चिखलात बुडवलेले बारदान पसरायचे, वरून मातीचा हात फिरवायचा आणि हळीव पेरायचे. अभ्यंगस्नानाच्या पहाटेपर्यंत किल्ला हिरवा झालेला असे.

हा खेळ शिवकाळापासून जसाच्या तसा चालत आला, असे सर्रास सांगितले जाते. त्याच्या मांडणीकडे नीट पाहिले की शंका येते. शिखरावर सिंहासनावर बसलेले महाराज आणि खाली बुरुजाबुरुजांवर मावळे हे चित्र ज्या स्मृतीवर उभे आहे, ती एकोणिसाव्या शतकात नव्याने जागी झाली. १८१८ नंतर इंग्रजांनी अनेक किल्ल्यांचे तट आणि वाटा मोडल्या. पुढे जोतीराव फुल्यांचा शिवाजीराजांवरचा पोवाडा १८६९ साली आला, तर टिळकांच्या पुढाकाराने रायगडावर पहिला शिवोत्सव १८९६ साली झाला. मातीतला किल्ला या घडामोडींपासून अलिप्त राहिला असेल, असे मला वाटत नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की दर पिढीने या खेळात काही घातले, काही काढले, आणि म्हणूनच तो टिकला.

शहापूर आणि मुरबाड या शेजारच्या तालुक्यांत हे मी स्वतः पाहिले आहे. आमच्या अंगणातला किल्ला नेहमी पसरट आणि तीन भागांचा असे, कारण घरामागे दिसणारा डोंगर तसाच होता: पळसगड, माहुली आणि भंडारगड. भंडारगडाकडे लांबट दगड उभे रोवायचे. ते नवरा, नवरी आणि भटोबा. माहुलीच्या सुळक्यांची ही नावे पाठ असलेल्या मुलांना किल्ल्यावर लग्न लागले आहे याचे काही नवल वाटत नसे. मुरबाडला मामाकडे गेलो की किल्ला एकदम निमुळता होई. तिथे डोळ्यांसमोर गोरखगड होता. कातळात कोरलेल्या पायऱ्या दाखवायला काडेपेटीतल्या काड्या लागत, आणि पोटात एक गुहा हवीच असे.

मामेभावाने एकदा शेजारी सिद्धगड केला. त्याच्या माचीवर त्याने दोन मावळे ठेवले आणि चुन्याने त्यांना पांढऱ्या टोप्या काढल्या. हे कोण, असे विचारल्यावर म्हणाला, "भाई कोतवाल आणि हिराजी पाटील." २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर पोलिसांच्या गोळ्यांनी हे दोघे हुतात्मे झाले. एका मातीच्या ढिगात सतरावे आणि विसावे शतक शेजारी बसले, आणि तिथल्या कोणाही थोरामोठ्याने ते चूक ठरवले नाही.

खऱ्या माहुलीचा इतिहास मात्र विजयाचा कमी आणि वेढ्यांचा जास्त आहे. १६३६ साली मोगल आणि आदिलशाही फौजांच्या वेढ्यात शहाजीराजांना हा किल्ला सोडावा लागला, आणि त्याबरोबर निजामशाही संपली. शिवाजीराजांनी तो पुढे घेतला, पण १६६५च्या पुरंदरच्या तहात तेवीस किल्ल्यांबरोबर मोगलांना द्यावा लागला. १६७० च्या फेब्रुवारीतला हल्ला फसला, आणि जूनमध्ये तो पुन्हा स्वराज्यात आला. आमचा किल्ला कधी पडत नसे. तो आम्हीच तुळशीच्या लग्नानंतर सुतळी बॉम्ब लावून उडवत असू.

त्या उडवण्याला एक गडी कधीच नसे. आमच्यात कातकरवाडीतला एक मुलगा होता. आमच्या बुरुजांना उन्हाने तडे जात. त्याने एका वर्षी मातीत भाताचे तूस मिसळले आणि तडे थांबले. ही विद्या त्याला वीटभट्टीने दिली होती. दिवाळी सरली की त्याच्या वाडीतली कुटुंबे उचल घेऊन भट्टीवर जात, ती पावसाच्या तोंडाशीच परतत. शाळा पुन्हा भरे तेव्हा त्याची जागा रिकामी असे. अंगण आमचे होते, महाराजांची मूर्ती आमची होती, आणि किल्ला उभा राहत होता तो त्याच्या युक्तीवर. पुढे आळीतले सगळेच किल्ले तूस घालून होऊ लागले. ती युक्ती कोणाची, हे चार-पाच वर्षांत कोणालाच आठवेना.

माझा भाचा मुंबईत राहतो. लहानपणी तो मित्रांबरोबर माइनक्राफ्ट खेळत असे. स्वीडनमध्ये तयार झालेला हा ठोकळ्यांचा खेळ २०११ साली पूर्ण रूपात आला. खेळणारेच त्यात नव्या वस्तू आणि नवे नियम घालतात, त्याला ते 'मॉड' म्हणतात. आता तो जुन्या आवृत्तीसाठी हळहळतो. मित्रांनी मिळून बांधलेले गाव ज्या सर्व्हरवर होते, तो बंद झाला. मला त्याचे दुःख लगेच कळले. मीही तेच हरवून बसलो होतो: चार जणांनी मिळून केलेली, प्रत्येकाचा हात लागलेली जागा.

आज बाजारात प्लास्टर ऑफ पॅरिसचे तयार किल्ले मिळतात. स्पर्धाही होतात, आणि त्यांत हुबेहूब प्रतिकृतीला गुण असतात. या स्पर्धांमुळे मुले नकाशे पाहतात, प्रत्यक्ष गडावर जातात, हे मोठे काम आहे. २०२५ साली युनेस्कोने बारा मराठा किल्ल्यांना जागतिक वारसा यादीत घेतल्यापासून उत्साह आणखी वाढला आहे. त्या बारांत माहुली नाही. म्हणून शहापूरची मुलेही आता रायगड, राजगड करतात, आणि नवरा-नवरीचे दगड रोवायला जागा उरत नाही. सिद्धगडावरच्या पांढऱ्या टोप्यांना तर परीक्षक गुण कापतील.

गेल्या वर्षी धाकट्या नातीबरोबर किल्ला करायला बसलो. तिने मोबाइलवर रायगडाचा आराखडा काढला होता. मी गिरणीतून पसाभर तूस आणून मातीत टाकले. "हे कशाला?" तिने विचारले. तडा जाऊ नये म्हणून, मी म्हणालो. आणि मग ते मला कोणी शिकवले, ते सांगितले.