मोहाचें फूल, रोशाचें गवत आणि किण्व

चैत्राच्या सुमारास भंडारा, चांदा, गडचिरोलीकडील रानांत पहाटे मोहाचीं फुलें गळूं लागतात. गोंडांच्या बायका व मुलें तीं टोपलींत वेचून उन्हांत वाळवितात. वाळल्या फुलांत निम्म्याहून अधिक भाग साखरेचा असतो. दुष्काळांत याच फुलांवर घरेंच्या घरें जगलीं, आणि सुकाळांत त्यांची दारू झाली. सरकारला मात्र दुसऱ्या गोष्टीचीच आठवण अधिक राहिली. मध्यप्रांताच्या १९१५ च्या अबकारी कायद्यानें भट्टीवरील परवान्याचा पहारा पक्का झाला.

मडक्यांतला खरा कारागीर किण्व, म्हणजे यीस्ट. हा सूक्ष्म जीव साखर खातो व अल्कोहोल टाकतो. आंबणें हें जिवंत पेशींचें काम आहे, असें फ्रान्सांत पाश्चरनें १८५७ पासूनच्या प्रयोगांनीं दाखविलें. आपल्याकडे १९२० मध्यें बंगळूरच्या विज्ञानसंस्थेच्या पत्रिकेंत फाउलर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं मोहफुलाची रासायनिक चिकित्सा प्रसिद्ध केली. त्या सहकाऱ्यांत भाटे हें एक मराठी नांव आढळतें. कामठीचे दानशूर डी. लक्ष्मीनारायण यांच्या देणगींतून नागपुरांत १९४२ सालीं तंत्रविज्ञानाची संस्था उभी राहिली. पेट्रोलांत अल्कोहोल मिसळण्यासाठीं पॉवर अल्कोहोलचा कायदा १९४८ सालीं झाला, आणि इथेनॉलवर चालणारी बस नागपूरच्या रस्त्यावर प्रयोगादाखल आली ती २०१४ सालीं. कायदा आणि बस यांत सहासष्ट वर्षें गेलीं!

दारूची कथा सर्वांस ठाऊक. सुगंधाची तितकी नाहीं. मेळघाट, निमाड व खानदेश येथील डोंगरांत रोशा नांवाचें गवत उगवतें. ओढ्याकांठीं भट्ट्या लावून त्याचें रोशेल तेल काढीत. तें मुंबईहून तांबड्या समुद्राच्या वाटेनें तुर्कस्तानाकडे जाई, आणि तेथें गुलाबाच्या अत्तरांत गुपचूप मिसळलें जाई. कारण दोहोंतही जिरॅनिऑल हें एकच गंधद्रव्य आहे. किती शौकिनांनीं वऱ्हाडच्या गवताला गुलाब म्हणून हुंगलें असेल, कोण जाणे!

आतां हेंच द्रव्य किण्वाकडून करवून घेतां येतें. १९९६ सालीं किण्वाच्या सुमारें सहा हजार जीनांचा संपूर्ण नकाशा हातीं आला, आणि २०१२ मध्यें डाउडना व शार्पेंत्ये या दोघी विदुषींनीं जीन नेमका कापण्याची युक्ति दाखविली. किण्व आपल्या पेशीच्या पडद्यासाठीं एक मेदसदृश पदार्थ बनवितें. त्या वाटेवरील एका मधल्या कडीपासून जिरॅनिऑल एकाच पावलावर आहे. सब्जाचा एक जीन पेशींत घातला, पुढची वाट थोडी अडविली, कीं साखरेचा सुगंध होतो. अडचण एवढीच, कीं जिरॅनिऑल स्वतः किण्वाला विषारी आहे. त्याच वाटेवर आणखी पुढें फार्नेसीन मिळतें. त्यापासून डिझेलसारखें इंधन होतें. ब्राझीलमध्यें उसाच्या रसावर तें काढण्यांत आलें, परंतु खनिज तेलापुढें तें परवडेना, आणि कंपनी प्रसाधनें व सुगंध यांकडे वळली. सुगंध तोळ्यानें विकला जातो, इंधन टाकीनें!

प्रश्न रोशा कापणाऱ्यांचा आहे. जर्मनींतील कारखान्यांची नीळ १८९७ मध्यें बाजारांत आली, आणि थोड्याच वर्षांत बिहारांतील निळीचीं शेतें ओस पडूं लागलीं. रोशाला ती गति अद्याप आलेली नाहीं. पण किण्वाला साखर लागतेच, आणि मोहाच्या फुलांत ती भरपूर आहे. तीं फुलें गोळा करण्यावरील व नेण्या-आणण्यावरील निर्बंध महाराष्ट्रांत उठले ते २०२१ सालीं.