‘चेक अ‍ॅटोमायझर’ ते ‘टू हॉट’ : ई-सिगारेटवरील इशाऱ्यांचा अर्थ काय?

वडोदऱ्याच्या दक्षिण भागातील मांजलपूर असो वा गोव्यातील एखादा वाडा, परदेशी नोकरीला असलेला मुलगा, भाऊ किंवा पुतण्या आज अनेक घरांत आहे. सुट्टीवर येताना त्याच्या सामानातून जी यंत्रे घरात येतात, त्यांत कधी पेनासारखी, कधी लहान डबीसारखी दिसणारी ई-सिगारेटही असते. वडीलधाऱ्यांना ती बहुधा पेनड्राइव्ह किंवा पॉवर बँक वाटते. तो परत गेल्यावर ती टेबलाच्या खणात पडून राहते आणि काही महिन्यांनी कुणी सहज कळ दाबली की दिवा लुकलुकू लागतो, नाहीतर पडद्यावर दोन-तीन इंग्रजी शब्द उमटतात. मग ती वस्तू मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात न्यावी की चार्जरला लावून पाहावी, असा प्रश्न पडतो. या दोन्ही गोष्टी करण्यापूर्वी त्या शब्दांचा अर्थ समजून घेतलेला बरा.

त्याआधी कायद्याविषयी. भारतात ई-सिगारेटवर १८ सप्टेंबर २०१९ रोजी अध्यादेशाद्वारे बंदी आली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये संसदेच्या कायद्याने तिला कायमचे रूप मिळाले. उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, वितरण, साठवण आणि जाहिरात या सर्वांना हा कायदा मनाई करतो. विक्री वा आयातीच्या पहिल्या गुन्ह्यास एक वर्षापर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. गुन्हा पुन्हा घडल्यास कैद तीन वर्षांपर्यंत आणि दंड पाच लाखांपर्यंत जातो. साठवणुकीसाठी सहा महिन्यांपर्यंत कैद, पन्नास हजारांपर्यंत दंड किंवा दोन्हींची तरतूद आहे. उपकरणात निकोटिन आहे की नाही, याने काही फरक पडत नाही. दुरुस्तीच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा शब्दप्रयोग मात्र बहुतेकांच्या नजरेतून सुटतो : संपूर्ण वस्तू ‘किंवा तिचा कोणताही भाग’. म्हणजे बिघडलेल्या उपकरणासाठी नवी कॉइल किंवा टाकी विकणे आणि परदेशातून मागवणे हेही बंदीच्या कक्षेत येते. सुटा भागच मिळू शकत नसल्यामुळे येथे अधिकृत सेवा केंद्र असण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

उपकरणाची रचना तशी साधी आहे. आत लिथियम-आयन बॅटरी, तिच्यावर नजर ठेवणारे इलेक्ट्रॉनिक सर्किट, तारेचे छोटे वेटोळे म्हणजे कॉइल आणि कॉइलभोवती द्रवात भिजलेला कापूस. कॉइल तापली की द्रवाची वाफ होते. कॉइल, कापूस व टाकी मिळून जो भाग होतो, त्यास अ‍ॅटोमायझर म्हणतात. चिनी औषधनिर्माते होन लिक यांनी २००३ च्या सुमारास आधुनिक स्वरूपाची ई-सिगारेट घडवली. त्यानंतर आकार कितीतरी बदलले, परंतु बॅटरी, सर्किट आणि कॉइल हा सांगाडा तोच आहे. पडद्यावरचा प्रत्येक इशारा या तिघांपैकी कुणाची ना कुणाची तक्रार असते.

सर्वाधिक दिसणारा इशारा ‘चेक अ‍ॅटोमायझर’ किंवा ‘नो अ‍ॅटोमायझर’. कळ दाबताच सर्किट प्रथम कॉइलचा विद्युतरोध मोजते. तो साधारणतः ०.२ ते दीड ओहमच्या दरम्यान असतो. मोजमापच मिळाले नाही, तर कॉइल जागेवर नाही, ती जळून तुटली आहे किंवा जोडणीच्या ठिकाणी चिकट द्रव साचला आहे, असा त्याचा अर्थ. बराच काळ खणात पडून राहिलेल्या उपकरणात बहुधा तिसरे कारण असते. ‘ओहम्स टू हाय’ म्हणजे रोध अपेक्षेपेक्षा जास्त : सैल जोडणी वा गंजलेला संपर्क. या इशाऱ्यांत स्वतःहून मोठा धोका नसतो. यंत्र सुरू होत नाही, इतकेच.

‘शॉर्ट’, ‘अ‍ॅटोमायझर शॉर्ट’ किंवा ‘ओहम्स टू लो’ यांचा स्वभाव मात्र वेगळा आहे. रोध जवळजवळ शून्यावर आला की बॅटरीतून प्रचंड प्रवाह वाहू शकतो. ३.७ व्होल्टच्या बॅटरीला अर्ध्या ओहमची कॉइल जोडली तर सुमारे साडेसात अँपियर प्रवाह वाहतो; रोध ०.०५ ओहमवर उतरला तर हिशेब सत्तर अँपियरच्या पुढे जातो. इतका प्रवाह देताना बॅटरी आतूनच तापू लागते. सर्किट तो रोखते, म्हणूनच पडद्यावर हे शब्द दिसतात. इशारा घालवण्यासाठी कळ पुन्हा पुन्हा दाबणे किंवा तारा सोडवून थेट जोडणे म्हणजे घरातील फ्यूज सतत उडतो म्हणून त्या जागी खिळा बसवण्यासारखे आहे. ‘मेकॅनिकल मॉड’ नावाच्या प्रकारात तर हे सर्किटच नसते. ते कधीही कोणताही इशारा देत नाही आणि याच कारणास्तव ते सर्वांत धोकादायक मानले जाते.

‘वीक बॅटरी’ आणि ‘बॅटरी लो’ हे दोन इशारे एकच समजले जातात. ते तसे नाहीत. ‘बॅटरी लो’ म्हणजे चार्ज संपत आला. पूर्ण भरलेल्या लिथियम-आयन घटाचा दाब ४.२ व्होल्ट असतो आणि तो तीनच्या आसपास उतरला की सर्किट काम थांबवते. ‘वीक बॅटरी’ म्हणजे चार्ज असूनही प्रवाह मागताच दाब कोसळतो, अर्थात घट म्हातारा झाला आहे किंवा मुळातच निकृष्ट आहे. अनेक महिने रिकामी पडून राहिलेली बॅटरी याहून वाईट अवस्थेत असते. तिचा दाब सुरक्षित मर्यादेखाली गेल्यावर आतील रासायनिक रचना बिघडते आणि पुढे चार्ज करताना आतल्या आत शॉर्ट होण्याची शक्यता वाढते. खणात सापडलेले जुने उपकरण ‘चालते का पाहू’ म्हणून रात्रभर चार्जरला लावणे यासाठीच टाळावे.

काही मोठ्या उपकरणांत सुट्या १८६५० बॅटऱ्या बसतात. हा आकडा मापाचा आहे : १८ मिलिमीटर व्यास, ६५ मिलिमीटर लांबी. विजेरीसाठी याच मापाच्या बॅटऱ्या बाजारात सर्रास मिळतात आणि त्यांतील कित्येकांवर ९९०० मिलिअँपियर-तास असा भव्य आकडा छापलेला असतो. या मापाच्या चांगल्या बॅटरीची क्षमता साडेतीन हजारांच्या आसपास असते, हे लक्षात घेतले की त्या छापील आकड्याची किंमत कळते. विजेरीतील बॅटरी काढून अशा उपकरणात घातली की ‘चेक बॅटरी’ दिसते, कारण एवढा प्रवाह पुरवण्याची तिची ताकदच नसते. दोन बॅटऱ्यांच्या उपकरणात एक नवी व एक जुनी घातल्यास ‘इम्बॅलन्स’ असा इशारा येतो. बॅटरीवरील प्लास्टिकचे वेष्टन फाटले असेल तर ती खिशातील किल्ल्या वा नाण्यांच्या स्पर्शानेही शॉर्ट होते. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाने २००९ ते २०१६ या काळातील वृत्तांतून ई-सिगारेटच्या आगी व स्फोटांच्या १९५ घटना नोंदवल्या. त्यांपैकी ६१ वेळा उपकरण किंवा सुटी बॅटरी खिशात होती. चार्जिंगच्या वेळी घडलेल्या घटना ४८.

‘टू हॉट’ किंवा ‘डिव्हाइस टू हॉट’ हा इशारा आपल्या हवामानात अधिक गांभीर्याने घ्यायला हवा. मे महिन्यात वडोदऱ्याचा पारा चाळिशी ओलांडतो. गोव्यात तो तितका चढत नाही. मात्र उन्हात उभ्या असलेल्या बंद मोटारीतील उष्णता दोन्हीकडे बाहेरच्यापेक्षा कितीतरी जास्त होते. अशा मोटारीच्या पुढच्या फळीवर राहिलेले उपकरण हा शब्द दाखवत असेल, तर ते सावलीत, कागद-कापडापासून दूर, दगडी वा लाद्यांच्या पृष्ठभागावर ठेवून आपोआप थंड होऊ द्यावे. फ्रीजमध्ये ठेवू नये. आत दव धरते आणि नवे बिघाड निर्माण होतात. ‘टेम्प प्रोटेक्टेड’ हा वेगळा संदेश आहे. तो कॉइलच्या तापमानाविषयी असून बहुधा कापूस कोरडा पडल्याचे सुचवतो. कोरड्या कॉइलवर द्रवातील ग्लिसरीन व प्रोपिलीन ग्लायकॉल अतितापून फॉर्माल्डिहाइड आणि अ‍ॅक्रोलिन यांसारखी घातक द्रव्ये तयार होतात. घशाला झोंबणारी जळकी चव येते ती त्यामुळे.

एकदा वापरून फेकण्याच्या रंगीत नळ्यांना पडदाच नसतो. त्यांचा दिवा लुकलुकतो. किती वेळा लुकलुकल्यास काय समजावे, याचा कोणताही सर्वमान्य संकेत नाही, प्रत्येक कंपनीची भाषा निराळी. चोरट्या मार्गाने येणाऱ्या मालाबरोबर माहितीपत्रकही बहुधा नसते. या नळीत कळीऐवजी श्वास ओळखणारा संवेदक असतो. त्यात द्रव शिरला की कुणी ओढत नसतानाही ती आपोआप तापू लागते. कुणीही न वापरता दिवा पेटलेला दिसला, तर ती ताबडतोब अंगापासून व अंथरुणापासून दूर करावी. ब्रिटनने १ जून २०२५ पासून या एकवापरी नळ्यांच्या विक्रीवर बंदी घातली. मुलांमध्ये पसरलेली सवय आणि कचऱ्यात जाणाऱ्या बॅटऱ्या, ही त्यामागची दोन प्रमुख कारणे होती.

बिघडलेले उपकरण उघडू पाहणाऱ्याला आणखी एक गोष्ट माहीत असावी. आतील द्रवात बहुधा निकोटिन असते आणि ते त्वचेतूनही शरीरात जाते. युरोपीय महासंघात त्याची मर्यादा मिलिलिटरला २० मिलिग्रॅम आहे. अनधिकृत मालात याहून कितीतरी अधिक प्रमाण आढळते. फळांच्या वासामुळे लहान मूल तो चाखण्याची भीती असते. मळमळ, लाळ सुटणे, घाम, थरथर ही विषबाधेची लक्षणे होत. मुलाने द्रव गिळल्याचा संशय आल्यास ओकारी काढण्याच्या फंदात न पडता १०८ ला दूरध्वनी करावा आणि बाटली वा नळी सोबत रुग्णालयात न्यावी. हातावर सांडल्यास साबणाने भरपूर पाण्याखाली धुवावे.

उपकरण फुगले असेल, त्यातून गोडसर वास वा सुस्कारा येत असेल, तर ते हातात घेऊ नये. खोलीतून बाहेर पडून अग्निशमन दलास कळवावे. असा धूर हुंगणेही घातक असते. तसे काही नसेल, तर चार्ज न करता बॅटरीच्या दोन्ही टोकांवर चिकटपट्टी लावून, उपकरण न ठेचता, ई-कचरा स्वीकारणाऱ्या केंद्राकडे द्यावे. घरच्या ओल्या-सुक्या कचऱ्यात ते टाकू नये. कचरागाडीतील दाबयंत्राखाली लिथियम घट फुटला की पेट घेतो आणि त्याची झळ सफाई कामगारांना बसते. ज्याच्याकडे असा माल साठ्याने आहे, त्याने त्याची यादी करून तो जवळच्या प्राधिकृत अधिकाऱ्याकडे विनाविलंब जमा करावा, असे कायदा सांगतो. पोलीस उपनिरीक्षक किंवा त्यावरील दर्जाचा अधिकारी यासाठी प्राधिकृत आहे.

उपकरण बंद पडल्यावर जो बेचैन होतो, त्याला सवय जडली आहे हे उघड आहे. अशांसाठी १८००-११-२३५६ ही तंबाखूमुक्तीची राष्ट्रीय निःशुल्क समुपदेशन सेवा उपलब्ध आहे. निकोटिनच्या सवयीतून सुटण्यासाठीची दोन मिलिग्रॅमची च्युइंगगम औषध दुकानात मिळतात. किती व किती दिवस घ्यावीत, हे मात्र डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.