सिर्व्हा (लस टोचताना झालेली खांद्याची इजा) व भरपाई
दंडात लस टोचताना सुई ठरल्या जागेच्या वर गेली, की लस डेल्टॉइड स्नायूत न जाता खांद्याच्या सांध्यालगतच्या द्रवपिशवीत (बर्सा) किंवा स्नायुबंधात उतरू शकते. तिथे दाह होतो. हात वर होत नाही, त्या कुशीवर झोपता येत नाही आणि काहींचा खांदा पुढे आखडूनच जातो. लशीनंतर दोनेक दिवस दंड दुखतो, तो प्रकार वेगळा. ‘सिर्व्हा’ हे इंग्रजी आद्याक्षरांचे नाव २०१० पासून रूढ झाले.

या इजेची भरपाई अमेरिकेत राष्ट्रीय लसइजा भरपाई योजनेतून मिळते. योजना १९८६ च्या कायद्याने आली आणि १९८८ मध्ये सुरू झाली. लशीच्या प्रत्येक मात्रेवर, ती जितक्या रोगांपासून संरक्षण देते त्या प्रत्येक रोगामागे ७५ सेंट कर घेऊन तिचा निधी उभा राहतो. प्रतिवादी लस कंपनी किंवा टोचणारी परिचारिका नसून केंद्रीय आरोग्यमंत्री असतो. कोणाचा निष्काळजीपणा सिद्ध करावा लागत नाही. दावा वॉशिंग्टनच्या कोर्ट ऑफ फेडरल क्लेम्समध्ये दाखल होतो आणि ‘स्पेशल मास्टर’ तो ऐकतात.

मार्च २०१७ मध्ये सिर्व्हा अधिकृत इजासूचीत आली. दुखणे ४८ तासांच्या आत सुरू झाले, त्या खांद्याला पूर्वी तक्रार नव्हती, त्रास त्याच खांद्यापुरता आहे आणि त्याला दुसरे कारण दिसत नाही, एवढे दाखवले की इजा लशीमुळेच झाली असे गृहीत धरतात. त्रास सहा महिन्यांहून अधिक टिकलेला असावा, किंवा रुग्णालयात दाखल होऊन शस्त्रक्रिया झालेली असावी. पहिल्या लक्षणापासून तीन वर्षांत दावा करावा लागतो. वाद बहुधा कागदांवर रंगतो : लस कोणत्या हातात दिली आणि डॉक्टरांकडे पहिली तक्रार कधी नोंदली गेली. म्हणून महिनोन्महिने अंगावर काढलेले दुखणे दावेदाराला महागात पडते. यातना व मनस्तापापोटी मिळणाऱ्या रकमेला २,५०,००० डॉलरची मर्यादा आहे. उपचारखर्च व बुडालेली कमाई वेगळी. दावा प्रामाणिक व सकारण असेल तर हरल्यावरही वकिलाचे शुल्क निधीतून मिळू शकते. नागरिकत्वाची अट नसल्याने तिथे नोकरीनिमित्त राहणारे भारतीयही दावा करू शकतात.

दोष सुई धरणाऱ्या हाताचा, मग लसनिधीने पैसे का द्यावेत, असा युक्तिवाद करून सरकारने २०२० मध्ये सिर्व्हा सूचीतून काढण्याचा प्रस्ताव मांडला. तर्क बिनतोड नव्हता, कारण दाहात लशीतल्या घटकांचाही वाटा मानला जातो. जानेवारी २०२१ मध्ये तसा नियम निघाला आणि सत्तांतरानंतर एप्रिलमध्ये मागे घेतला गेला.

कोविड लशींसाठी वेगळी, बरीच कंजूष योजना लागू झाली : अर्जाची मुदत लस घेतल्यापासून एक वर्ष, यातनांची भरपाई नाही आणि वकिलाचा खर्चही नाही.