व्यसनाधीनता : ख्रिस्ती दृष्टिकोन
व्यसन हे पाप की आजार, हा ख्रिस्ती नीतिशास्त्रातील जुना वादविषय. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात संत पौलाने मद्यपींची गणना देवाच्या राज्याला मुकणाऱ्यांत केली आहे. कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथ (१९९२) उपचाराखेरीज अमली पदार्थांचे सेवन गंभीर अपराध मानतो. मात्र सवयीमुळे नैतिक जबाबदारी कमी होऊ शकते, हेही मान्य करतो. डब्लिनचा मजूर मॅट टॅल्बट (१८५६–१९२५) याने १८८४ मध्ये दारू सोडली व पुढे रोज मिस्साला हजेरी लावली. १९७५ मध्ये चर्चने त्याला ‘पूजनीय’ घोषित केले. मुंबईत फादर जो परेरा यांनी १९८१ मध्ये स्थापलेले कृपा फाउंडेशन व्यसनमुक्तीसाठी योगसाधनेचाही आधार घेते. व्यसनी माणसाला वाळीत टाकणे ख्रिस्ती करुणेशी विसंगतच होय.