जुन्या बोलपटांची साक्ष



गेल्या दोनतीन महिन्यांत 'प्रभात' कंपनीचे चार जुने बोलपट मीं लक्षपूर्वक पाहिले. 'अयोध्येचा राजा', 'संत तुकाराम', 'कुंकू' आणि 'शेजारी' हे ते चार होत. पहिला १९३२ चा, शेवटचा १९४१ चा; म्हणजे अवघ्या नऊ वर्षांच्या अवधींतील हीं चित्रें. त्यांत गाणें कोणतें गोड आणि काम कोणाचें सरस, याची चर्चा आजवर पुष्कळ झाली आहे व ती रसिकांनींच करावी. मी इतिहास शिकविणारा मनुष्य. माझ्यापुढें प्रश्न निराळाच उभा राहिला. जुन्या बखरी, पत्रें आणि महजर यांस आपण इतिहासाचीं साधनें म्हणतों. मग जुन्या बोलपटास तसें साधन म्हणतां येईल काय? आणि येत असेल, तर तो साक्ष कशाची देतो? या प्रश्नाचें मला सुचलेलें उत्तर आज आपणांपुढें ठेवीत आहें.

प्रथम एक भ्रम दूर केला पाहिजे. तुकोबांचा बोलपट पाहून सतराव्या शतकांतील देहू कळेल, ही अपेक्षा व्यर्थ आहे. ज्यांनीं तो काढला त्यांनीं देहू पाहिलें तें विसाव्या शतकांतलें, आणि तुकोबा ऐकले ते कीर्तनकारांच्या मुखानें. बोलपट ज्या काळाची गोष्ट सांगतो त्या काळाबद्दल त्याची साक्ष ऐकीव असते. परंतु ज्या काळांत तो तयार झाला त्या काळाचा तो डोळ्यांनीं पाहिलेला साक्षीदार असतो. हें एक सूत्र हातीं धरलें, म्हणजे जुनीं चित्रें निराळ्याच रीतीनें बोलूं लागतात.

'अयोध्येचा राजा' पासून आरंभ करूं. आजच्या प्रेक्षकास हें चित्र जड वाटेल. पात्रें रंगभूमीवर उभीं राहावीं तशीं समोर तोंड करून उभीं राहतात. गाणें सुरू झालें कीं कथा थांबते. गोविंदराव टेंबे यांचा हरिश्चंद्र राजापेक्षां गवई म्हणूनच अधिक शोभतो. पण मराठी चित्राला तेव्हां नुकतीच वाचा फुटत होती आणि बोलावें कसें हें शिकविणारी शाळा एकच होती, ती नाटक मंडळीची. तेव्हां या दोषावर फार रोष धरण्याचें कारण नाहीं.

पाहावयाचें तें तारामतीकडे. दादासाहेब फाळके यांनीं ३ मे १९१३ रोजीं मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहांत 'राजा हरिश्चंद्र' लोकांपुढें आणला, तेव्हां याच तारामतीच्या भूमिकेसाठीं त्यांस स्त्री मिळाली नव्हती. उपाहारगृहांत काम करणाऱ्या साळुंके नांवाच्या तरुणानें लुगडें नेसून ती भूमिका वठविली. पुढें 'मोहिनी भस्मासुर' या चित्रांत दुर्गाबाई कामत व त्यांची कन्या कमलाबाई यांनीं कॅमेऱ्यापुढें येण्याचें धैर्य दाखविलें. तरी पांढरपेशा, सुशिक्षित घराण्यांस ही वाट निषिद्धच राहिली. १९३२ साली तीच तारामती दुर्गा खोटे यांनीं केली. त्या मुंबईच्या प्रतिष्ठित घराण्यांतील, महाविद्यालयांत शिकलेल्या. कथा तीच, राणीही तीच; मधल्या एकोणीस वर्षांत समाज किती चालून आला, तें या एका भूमिकेवरून मोजतां येतें.

साक्ष घेतांना आणखी एक गोष्ट पाहावी लागते. साक्षीदारास मोकळेपणीं बोलूं दिलें होतें काय? १९३० साली याच कंपनीनें शिवछत्रपतींवर मूकपट काढला व त्यास स्वराज्याच्या तोरणाचें नांव दिलें. मिठाच्या सत्याग्रहाचें तें वर्ष. 'स्वराज्य' हा शब्द सरकारी परीक्षकांस खपला नाहीं आणि चित्र 'उदयकाल' या नांवानें बाहेर पडलें. १९३५ साली एकनाथमहाराजांवर बोलपट निघाला. त्यांत नाथांची भूमिका बालगंधर्वांची होती. त्याचें मूळचें नांव 'महात्मा'. तेंही बदलून 'धर्मात्मा' करावें लागलें. अस्पृश्यांस जवळ करणाऱ्या संताची ती कथा, आणि ज्या वर्षीं डॉ. आंबेडकरांनीं येवल्यास धर्मांतराची घोषणा केली त्याच वर्षींची. ज्या काळांत साधीं नांवें खोडलीं जात, त्या काळांत पुराण आणि संतचरित्र हीं केवळ भाविकांची करमणूक नव्हती. उघड बोलतां न येणारें बोलण्याची ती एक सोय होती.

'कुंकू' मात्र उघड बोलतो. १९३७ चा हा बोलपट व्ही. शांताराम यांनीं दिग्दर्शित केला. कथा नारायण हरि आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरून घेतलेली. चारांपैकीं मला सर्वांत श्रेष्ठ वाटला तो हाच. आईबापांवेगळ्या नीरेचें लग्न तिचा मामा पैशाच्या लोभानें एका म्हाताऱ्या वकिलाशीं लावतो. ती रडत बसत नाहीं. त्या घरांत राहून पतीस पति मानण्याचें नाकारते. शांता आपटे यांचा तो ताठ मानेचा नकार आजही अंगावर रोमांच उभे करतो. कथेस साथ देण्यासाठीं वाजविलेलें संगीत या चित्रांत नाहीं. घरांत जे आवाज असावयाचे तेवढेच ऐकूं येतात, आणि जुन्या घड्याळाची टिक् टिक् म्हाताऱ्या काकासाहेबांच्या वयाची आठवण देत राहते.

या चित्राच्या शेवटाविषयीं मात्र आक्षेप ऐकूं येतो. केशवराव दाते यांनीं रंगविलेले काकासाहेब अखेर पश्चात्तापानें नीरेला मोकळी करून स्वतः जगांतून नाहींसे होतात. आजची तरुण मंडळी विचारतात कीं, एवढी मानी मुलगी; तिनें घटस्फोट कां घेतला नाहीं? म्हाताऱ्यास मारून प्रश्न सोडविणें ही लेखकाची पळवाट नव्हे काय? आक्षेप रास्त वाटतो, पण त्या काळचा कायदा काढून पाहिला म्हणजे तो टिकत नाहीं.

शारदा कायदा १९३० च्या एप्रिलपासून अमलांत आला होता. त्यानें मुलीच्या लग्नाचें वय निदान चौदा ठरविलें; परंतु नवरा किती म्हातारा असावा याविषयीं तो मुका होता, आणि मुलीची संमति घेण्याचा त्यांत प्रश्नच नव्हता. घटस्फोटाचें म्हणाल, तर अनेक जातींत काडीमोडीची रूढि होती आणि बडोदें संस्थानानें १९३१ साली तसा कायदाही केला होता. पण मुंबई इलाख्यांतील पांढरपेशा हिंदु घरांतील स्त्रीस यांपैकीं कशाचाच आधार नव्हता. तिला तो मार्ग मुंबई प्रांताच्या १९४७ च्या कायद्यानें मिळाला व सर्व देशांत १९५५ च्या हिंदु विवाह कायद्यानें. उलट विधवेस पुनर्विवाहाची मोकळीक कायद्यानें १८५६ पासूनच दिली होती. याचा अर्थ काय झाला? १९३७ साली नीरेच्या पायांतील बेडी तुटण्यास नवऱ्याचा मृत्यु एवढी एकच वाट कायद्यानें शिल्लक ठेविली होती. काकासाहेब स्वतः वकील. ही गोष्ट त्यांच्याइतकी चांगली कोणास ठाऊक असणार? शेवट कमकुवत होता तो त्या काळच्या कायद्याचा. चित्रानें तो जसाच्या तसा दाखविला.

याच्या शेजारीं गोविंद बल्लाळ देवल यांचें 'शारदा' नाटक ठेवून पाहावें. तें १८९९ चें. तेथेंही म्हातारा वर आणि पैशाचा लोभी बाप आहे. पण ऐन वेळीं वर-वधू सगोत्र असल्याचें उघड होतें आणि लग्न मोडतें. देवलांच्या शारदेस शास्त्रानें सोडविलें. आपट्यांच्या नीरेस नवऱ्याच्या पश्चात्तापानें सोडविलें. तिच्यानंतरच्या मुलींस कायद्यानें सोडविलें. पन्नास वर्षांचा सामाजिक इतिहास या तीन पायऱ्यांत उभा आहे, आणि मधली पायरी आपणांस दाखविणारा हा बोलपट आहे.

'शेजारी' ची कथा विश्राम बेडेकर यांची. गांवांत जिवबा आणि मिर्झा हे दोन वृद्ध मित्र राहतात. बुद्धिबळाचा डाव मांडून बसणारे, एकमेकांवांचून ज्यांस करमत नाहीं असे. गांवांत धरण बांधावयाचें म्हणून जमिनीवर डोळा ठेवून एक ठेकेदार येतो व दोघांत संशय पेरतो. अखेर धरण फुटतें आणि वैर विसरून दोघेही मित्र हातांत हात घालून प्राण सोडतात. गजानन जागीरदार यांचा मिर्झा आणि केशवराव दाते यांचा जिवबा, यांत डावें-उजवें करवत नाहीं. उत्तरार्धांत कथा थोडी ओढल्यासारखी होते, हें मात्र कबूल केलें पाहिजे.

या चित्रास इतिहासाच्या दृष्टीनें वाचावयाचें तर दोन सनावळ्या शेजारीं मांडाव्या लागतात. मार्च १९४० मध्यें लाहोरास मुस्लिम लीगचा ठराव झाला आणि देशाच्या विभागणीची भाषा उघडपणें सुरू झाली. पुढच्याच वर्षीं हें चित्र आलें. दुसरी गोष्ट पुण्याजवळची. १९२१ साली मुळशीच्या धरणासाठीं मावळ्यांच्या जमिनी जाऊं लागल्या तेव्हां सेनापति बापट यांनीं सत्याग्रह उभारला होता. 'प्रभात' चें ठाणें १९३३ पासून पुण्यांतच होतें. तेथील प्रेक्षकांस पडद्यावरचें धरण अगदीं परकें वाटलें असेल असें वाटत नाहीं. धार्मिक तंट्याच्या मुळाशीं जमिनीचा लोभ असतो, एवढें बोट या चित्रानें ठेवलें आहे. सहा वर्षांनीं देशावर जें कोसळलें तें त्यास थोपवितां आलें नाहीं. चित्रानें इशारा द्यावा, याहून अधिक त्याच्या हातीं काय असणार?

आतां 'संत तुकाराम'. दामले आणि फत्तेलाल यांनीं १९३६ साली काढलेला हा बोलपट व्हेनिसच्या महोत्सवांत गौरविला गेला, हें सर्वांस ठाऊक आहे. विष्णुपंत पागनीस पूर्वीं रंगभूमीवर स्त्रीभूमिका करीत. येथें ते तुकोबांशीं इतके एकरूप झाले कीं, पुढें लोकांच्या मनांत तुकोबांचें रूप म्हणजे पागनीसांचेंच रूप होऊन बसलें. परंतु माझें मत विचाराल तर या चित्राचा खरा कणा गौरीबाईंची जिजाई आहे. मुलाच्या दुखण्यानें चिडून ती पायांतली वहाण हातांत घेऊन विठोबाच्या देवळांत जाते, तेव्हां भुकेल्या संसाराची बाजू मांडणारा वकील कथेंत उभा राहतो. शेणानें सारविलेली जमीन, दारची म्हैस, बायकांचें बोलणें-चालणें हें सतराव्या शतकाचें असेल नसेल, पण १९३६ च्या मराठी खेड्याचें तें अस्सल चित्र आहे. दिग्दर्शकांनीं तें इतिहास म्हणून टिपलें नव्हतें. न कळत दिलेली साक्ष म्हणूनच तिचें मोल अधिक.

पण याच चित्रांत साक्षीदाराची उलटतपासणी कां घ्यावी याचाही धडा आहे. त्यांतील एक अभंग घरोघरीं तुकोबांचा म्हणून गाइला जातो. गाथेंत तो कोठेंही नाहीं. तो रचिला शांताराम आठवले यांनीं, या बोलपटासाठीं; चाल केशवराव भोळे यांची. आठवल्यांच्या कवित्वाची ही थोरवीच. पण पडदा नुसता भूतकाळ दाखवीत नाहीं, नवा भूतकाळ घडवितोही, हें इतिहासाच्या विद्यार्थ्यानें विसरूं नये.

साक्षीदार मेल्यावर मात्र उलटतपासणीही संपते. जुन्या फिती नायट्रेटच्या असत. त्या चटकन् पेट घेत, न पेटल्या तरी सडून भुकटी होत. मूकपटांच्या काळांत आपल्या देशांत तेराशेंच्या आसपास चित्रें निघालीं. आज त्यांतील फारच थोडीं, तींही बहुधा तुटक, उरलीं आहेत. १९३१ साली बोललेला पहिला हिंदी बोलपट 'आलम आरा' आज कोणासही पाहतां येत नाहीं. बाबूराव पेंटर यांचा १९२५ चा मूकपट 'सावकारी पाश', ज्यांत शेतकऱ्याचें कर्जबाजारी जिणें प्रथमच पडद्यावर आलें, तोही गेला. पुण्यास १९६४ मध्यें राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय निघालें आणि पी. के. नायर यांच्यासारख्या माणसानें एकेक रीळ शोधून आणण्यांत आयुष्य घालविलें, म्हणून पुष्कळ कांहीं वांचलें. तरीही जानेवारी २००३ मध्यें पुण्यांतील नायट्रेट फितींच्या साठ्यास आग लागली आणि कित्येक मूळ प्रती भस्म झाल्या. दफ्तरखाना जळाला तर आपण हळहळतों. चित्रें जळालीं तर एक करमणूक गेली म्हणून स्वस्थ बसतों. हा भेद आतां सोडला पाहिजे.

जीं चित्रें उरलीं आहेत तीं आज घरबसल्या पाहतां येतात. माझी श्रोत्यांस एवढीच विनंति कीं, तीं मुलानातवंडांसह पाहावीं, आणि चित्र संपल्यावर 'आवडलें कीं नाहीं' एवढ्यावर थांबूं नये. हें कोणत्या सालीं निघालें, त्या सालीं कायदा काय होता, आणि त्याच सालीं आपल्या घरांत पणजीचें लग्न कितव्या वर्षीं, कोणाशीं, कोणाच्या मर्जीनें झालें, हें विचारावें. पुष्कळ घरांत या प्रश्नाचें उत्तर देणारें माणूस एखादेंच उरलें असेल. चित्र पुन्हां लावतां येईल. त्या माणसास विचारणें मात्र लांबणीवर टाकूं नये.