यंत्राचा पंचनामा

2003 सालच्या ऑक्टोबरमधली गोष्ट. एका दिवाळी अंकाच्या शेवटच्या फर्म्याची मुद्रिते वाचायला मी चेंबूर स्टेशनजवळच्या एका डीटीपीच्या गाळ्यात बसलो होतो. बाहेर दुकानांवर आकाशकंदील लागले होते आणि छापखान्यातून दर अर्ध्या तासाने फोन येत होता. ऑपरेटर मुलगा सकाळपासून एक लांबलचक लेख टाइप करीत होता. एकाएकी पडदा गोठला, लेख नाहीसा झाला आणि त्याच्या जागी एक छोटी खिडकी उघडली. कार्यक्रम बंद पडला आहे, गैरसोयीबद्दल क्षमस्व, या घटनेचा अहवाल पाठवायचा का, अशा अर्थाचा इंग्रजी मजकूर आणि खाली दोन बटणे. मी चष्मा सारखा करेपर्यंत मुलाने ‘पाठवू नका’ दाबून टाकले होते. “हे रोजचंच आहे, काका,” तो म्हणाला आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा टाइप करू लागला.

ती प्रणाली कोणाची होती याला इथे महत्त्व नाही. माझ्या डोक्यात राहिले ते दोन प्रश्न. जो कार्यक्रम मेला, त्याच्या मरणाचा अहवाल लिहिला कोणी? आणि तो पाठवला असता तर वाचला कोणी असता? मी संगणकशास्त्राचा माणूस नाही. मुद्रिते तपासण्यात आयुष्य गेले. पण या प्रश्नांच्या मागे लागून जे वाचत गेलो, त्यातून हा इतिहास हाती आला. त्याचा आपल्या लिपीशीही संबंध आहे, हे मला पुष्कळ उशिरा कळले.

कड्यांची आठवण

चेंबूरकरांना ट्रॉम्बे म्हणजे शेजार. तिथल्या अणुसंशोधन केंद्रात 1969 साली टीडीसी-12 हा संगणक तयार झाला. टीडीसी म्हणजे ‘ट्रॉम्बे डिजिटल कॉम्प्युटर’. पुढे अशा यंत्रांचे उत्पादन हैदराबादच्या ईसीआयएलने केले. त्याच्याही आधी टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रं. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली टिफ्रॅक हा संगणक बांधला गेला. तो 1960 साली चालू झाला आणि 1962 साली पंडित नेहरूंच्या हस्ते त्याचे नामकरण झाले. टिफ्रॅकच्या स्मृतीत 2048 शब्द मावत, प्रत्येक शब्द 40 बिटांचा. हिशेब केला तर ही सारी स्मृती जेमतेम दहा किलोबाइट भरते.

ही स्मृती फेराइटच्या बारीक कड्यांची होती. तारांच्या जाळीत ओवलेली प्रत्येक कडी एका किंवा दुसऱ्या दिशेने चुंबकित होई. एक दिशा म्हणजे शून्य, दुसरी म्हणजे एक. इंग्रजीत या कडीला ‘कोअर’ म्हणत. वीज गेली तरी कडीचे चुंबकत्व टिकून राही. त्यामुळे या पिढीतल्या यंत्रांवर एखादा कार्यक्रम मध्येच कोसळला, तर त्या क्षणी स्मृतीत जे होते ते जागच्या जागी सापडे. ते सगळे आकड्यांच्या रूपात कागदावर छापून काढायचे आणि पेन्सिल घेऊन वाचत बसायचे, ही तेव्हाची रीत. या छापील ढिगाला नाव पडले ‘कोअर डंप’.

कडी गेली, तिच्या जागी सिलिकॉनच्या चिपा आल्या. नाव मात्र राहिले. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत 1970च्या सुमारास युनिक्स ही कार्यप्रणाली घडली. तिच्यात कोसळलेल्या कार्यक्रमाची स्मृती ज्या फाइलमध्ये उतरवली जाई, तिचे नाव ‘कोअर’ असेच ठेवले गेले. युनिक्सच्या वळणाने घडलेल्या लिनक्समध्येही तो शब्द आहे. जाते गेले तरी ‘दळण’ हा शब्द राहिला, तसेच हे.

पंच बाहेरचेच हवेत

पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेत 174 क्रमांकाचे कलम होते. अपघाती किंवा संशयास्पद मृत्यू झाला की पोलिसांनी परिसरातल्या दोन किंवा अधिक प्रतिष्ठित रहिवाशांसमक्ष चौकशी करून देह कोणत्या स्थितीत सापडला ते लिहून ठेवायचे. आपण त्याला मरणोत्तर पंचनामा म्हणतो. क्रॅशचा अहवाल हा याच जातीचा दस्तऐवज आहे.

कार्यक्रम मरतो म्हणजे काय होते? प्रत्येक चालू कार्यक्रमाला कार्यप्रणाली स्मृतीचा एक तुकडा आखून देते. त्या हद्दीबाहेर त्याने हात घातला की प्रोसेसर काम थांबवून कार्यप्रणालीच्या गाभ्याला वर्दी देतो. युनिक्स आणि लिनक्सवर अशा वेळी कार्यक्रमाला अकरा क्रमांकाचा संदेश मिळतो. त्याचा अर्थ ‘तुझी हद्द ओलांडलीस’. त्यावर कार्यक्रमाने काही उपाय योजून ठेवला नसेल, तर तो तिथेच संपतो.

इथे पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळते. स्वतःची स्मृती बिघडलेला कार्यक्रम स्वतःच्या मरणाबद्दल जे लिहील त्यावर भरवसा ठेवता येत नाही. लिहिता लिहिता तो पुन्हा कोसळू शकतो. म्हणून पंच बाहेरचे लागतात. लिनक्सचा गाभा कोसळलेल्या कार्यक्रमाची स्मृती थेट दुसऱ्या कार्यक्रमाच्या हाती सोपवू शकतो. उबुंटू या लिनक्सच्या वाणात 2006 साली आलेला ॲपोर्ट हे काम करतो आणि आपला अहवाल ठरलेल्या कप्प्यात ठेवतो. विंडोजमध्ये आधी ‘डॉक्टर वॉटसन’ नावाचे साधन होते. होम्सच्या त्या विश्वासू सोबत्याप्रमाणे ते घडलेले नोंदवून ठेवी. 2001 साली विंडोज एक्सपी आली आणि हा अहवाल इंटरनेटवरून कंपनीकडे धाडण्याची विचारणा घरोघरच्या पडद्यांवर दिसू लागली. ॲपलच्या मॅकवरही असाच नोंदणीकार असतो.

पंचनाम्यात लिहितात काय? कार्यक्रमाचे नाव व आवृत्ती, स्मृतीत शेजारी कोणकोणते घटक होते त्यांची यादी, आणि सर्वांत महत्त्वाची ती बोलावण्यांची उतरंड. एका कामाने दुसऱ्याला बोलावले, दुसऱ्याने तिसऱ्याला. शेवटचे जिथे अडखळले तिथपासून मागे मागे जाणारी ही साखळी. पूर्ण स्मृती फार मोठी असते, म्हणून बहुधा तिचा एक लहान काप तेवढा पाठवतात. या साखळीत नावे असतातच असे नाही; पुष्कळदा नुसते आकडे, म्हणजे स्मृतीतले पत्ते, असतात. त्या पत्त्यावर कोणते काम राहते हे सांगणारी वही कार्यक्रम बनवणाऱ्याकडे असते. गट क्रमांक आपल्याला दिसतो. खातेदाराचे नाव सातबारा काढल्यावरच कळते, तसा हा प्रकार.

गर्दीचे गणित

आता दुसरा प्रश्न, वाचतो कोण? सुरुवातीला तरी कोणीच नाही. लाखो अहवाल माणसांनी वाचणे अशक्य असते. म्हणून यंत्रच त्यांची वाटणी करते. कोणता कार्यक्रम, कोणती आवृत्ती, कोणत्या घटकात, नेमक्या किती अंतरावर कोसळला, यांवरून प्रत्येक मरणाची एक खूण ठरते आणि सारख्या खुणेचे अहवाल एका कप्प्यात पडतात. टपाल कार्यालयात पत्रे वेगळी करतात त्या चालीने. जो कप्पा लवकर भरतो, तो अभियंता आधी उघडतो.

या पद्धतीने मोठे काम केले, यात शंका नाही. ऑक्टोबर 2002 मध्ये मायक्रोसॉफ्टचे तेव्हाचे प्रमुख स्टीव्ह बामर यांनी ग्राहकांना लिहिलेल्या पत्रात म्हटले होते की, सुमारे 20 टक्के दोषांमुळे 80 टक्के चुका घडतात आणि अवघ्या एक टक्का दोषांमुळे निम्म्या. म्हणजे थोडे दोष दुरुस्त केले की फार लोकांचे दुःख दूर होते. 2009 साली याच कंपनीच्या अभियंत्यांनी दहा वर्षांच्या अनुभवावर शोधनिबंध प्रसिद्ध केला. तोवर शंभर कोटी संगणकांच्या पसाऱ्यातून येणारे अब्जावधी अहवाल या यंत्रणेने गोळा केले होते. पूर्वी माणूस तक्रार करी तेव्हाच दोष कळे. आता तक्रार न करणाऱ्यांचीही मोजदाद होऊ लागली.

पण हे गणित गर्दीचे आहे. पुष्कळांना छळणारा दोष वर येतो, थोड्यांना छळणारा तळाशी राहतो. शिवाय एकच दोष निरनिराळ्या कार्यक्रमांना मारीत असेल, तर तो अनेक कप्प्यांत विखुरतो आणि त्याचा एकही कप्पा भरलेला दिसत नाही. अक्षरे पडद्यावर मांडणारा घटक हा नेमका असा, सर्वांना सामाईक घटक आहे. इथे आपली लिपी या कथेत येते.

एका जोडाक्षराची कथा

फेब्रुवारी 2018 मध्ये ॲपलच्या फोनवर आणि मॅक संगणकांवर एक तेलुगू अक्षर उमटू पाहिले की चालू कार्यक्रम कोसळत असे. ते अक्षर होते ‘ज्ञा’. तेलुगूतही ‘ज्ञान’ शब्दाचे पहिले अक्षर तेच. बातमीत ते ‘तेलुगू अक्षर’ म्हणूनच गाजले. मोझिलात काम करणारे मनीष गोरेगावकर यांनी मात्र निरनिराळ्या अक्षरमाला हाताने करून पाहिल्या आणि दाखवून दिले की हा दोष तेलुगूपुरता नव्हता. बंगाली आणि देवनागरीतही तो होता. व्यंजन, हलन्त, पुढच्याला चिकटून पायाशी बसणारे दुसरे व्यंजन, मग एक अदृश्य विलगचिन्ह आणि शेवटी स्वरचिन्ह, असा क्रम आला की अक्षरे मांडणारा घटक हद्द ओलांडी. देवनागरीत ते दुसरे व्यंजन म्हणजे ‘क्र’ किंवा ‘प्र’ मधला ‘र’. ॲपलने 19 फेब्रुवारीला दुरुस्ती प्रसिद्ध केली.

अदृश्य चिन्हे मराठी लिहिणाऱ्याला नवी नाहीत. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांतला फरक संगणकाला कळावा म्हणून कितीतरी वर्षे अशा न दिसणाऱ्या चिन्हाची मदत घेतली गेली. ‘वाङ्‌मय’ लिहिताना ङ आणि म एकमेकांत मिसळू नयेत म्हणून आजही पुष्कळ जण ते घालतात. मुद्रिते वाचणाऱ्याला ते दिसत नाही, यंत्राला दिसते.

आता विचार करू. अशा दोषाने चेंबूरमधल्या एखाद्या गाळ्यात कार्यक्रम मेला आणि त्याचा अहवाल गेला, तर तो काय सांगेल? अक्षरे मांडणारा घटक अमुक पत्त्यावर कोसळला, एवढे सांगेल. कोणते अक्षर मांडताना, हे साखळीत लिहिलेले नसते. ते सापडले तर स्मृतीच्या कापात सापडेल. म्हणजे तुम्ही त्या क्षणी जे लिहीत होता, त्यात. ज्याच्या भाषेत दोष विरळा, त्याला दुरुस्ती हवी असेल तर आपला मजकूर अधिक उघडा करावा लागतो. मला हा सगळ्या प्रकरणातला कळीचा पेच वाटतो.

मजकूर उघडा करणे हे धोक्याचे असते. डिसेंबर 2013 मध्ये जर्मनीच्या ‘डेअर श्पीगल’ने प्रसिद्ध केले की, अमेरिकी हेरसंस्था एनएसए वाटेतले विंडोजचे क्रॅश अहवाल टिपून कोणाच्या संगणकात काय आहे याचा अंदाज घेत असे. एक कळीची गुप्त किल्ली हल्लेखोरांच्या हाती लागल्याचे 2023 साली उघड झाले, तेव्हा ती 2021 मधल्या एका क्रॅशच्या स्मृतीच्या नोंदीतून निसटली असावी असे खुद्द मायक्रोसॉफ्टने म्हटले. मार्च 2024 मध्ये, अशी किल्ली असलेली नोंद आपल्याला सापडलेली नाही, अशी दुरुस्तीही तिनेच केली. तरी तर्क म्हणून ते कोणाला अशक्य वाटले नाही, यातच सारे आले.

म्हणून ‘पाठवा’ की ‘पाठवू नका’ याचे एकच उत्तर मी देणार नाही. माझा परिपाठ सांगतो. खिडकीत ‘तपशील पाहा’ असे काही असेल, तर आधी ते उघडतो. दुसऱ्याचे खासगी पत्र, कोणाचा वैद्यकीय कागद किंवा पैशाचा व्यवहार पडद्यावर असेल, तर पाठवत नाही. स्वतःचा मराठी मजकूर असेल, तर पाठवतो. जे कोसळणे कोणी कळवत नाही, ते मोजदादीपुरते घडलेलेच नसते. आणि अहवालावरच न थांबता, शक्य झाल्यास कोणता शब्द लिहिताना हे झाले ते वेगळे लिहून कळवतो. 2018 साली त्या दोषाचा आवाका आकड्यांच्या कप्प्यांनी सांगितला नव्हता; आपली जोडाक्षरे ठाऊक असलेल्या एका माणसाने ती एकेक करून तपासली होती. पंचनाम्याला स्थानिक पंच लागतात ते याचसाठी.

त्या 2003च्या लेखाचे सांगायचे राहिले. मुलाने तो रात्री अकरापर्यंत पुन्हा टाइप केला, मी घाईघाईने नजर फिरवली आणि फर्मा गेला. अंक छापून आल्यावर मूळ हस्तलिखित शेजारी ठेवून वाचले, तेव्हा दिसले की तिसऱ्या पानावरचा एक परिच्छेद दुसऱ्या खेपेला गळला होता. लेखकांनी कधी विचारले नाही, मीही कधी सांगितले नाही. तो अंक माझ्या कपाटात आहे. त्या पानाच्या समासात पेन्सिलने केलेली गाळल्याची खूण आहे. त्या दिवसाची तेवढीच एक नोंद उरली आहे.